हडफड्याच्या मृतांची नावे आणि जानेवारीचा ‘फॉर्म बी’

दर १४ जानेवारीला पानिपतजवळच्या काला अंबवर मराठी माणसे जमतात. महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक येतात, स्वतःला तिथल्या मराठ्यांचे वंशज मानणारा हरियाणातला रोड मराठा समाज येतो आणि १७६१ च्या पानिपतच्या लढाईत पडलेल्यांना मानवंदना दिली जाते. अडीचशेहून अधिक वर्षांनी इतक्या लांब जाऊन आपण आपल्या मृतांसाठी उभे राहतो, याचा अभिमान वाटावा असेच ते दृश्य. तिथे सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, जनकोजी शिंदे ही नावे प्रत्येकाच्या ओठी येतात. लष्कराबरोबर गेलेले बुणगे, यात्रेकरू, बायामुले यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. यंदाच्या संक्रांतीला हे अधिकच सलते, कारण सव्वा महिन्यापूर्वी गोव्यात हडफड्याला नाइटक्लबच्या आगीत २५ माणसे गेली आणि त्यांतली २० तिथे राबणारी होती.

६ डिसेंबर २०२५, शनिवार. ‘बर्च बाय रोमिओ लेन’ या नाइटक्लबात मध्यरात्रीच्या सुमारास आग भडकली. बंदिस्त जागेत केलेल्या आतषबाजीने ती लागली, असे प्राथमिक तपासाने सांगितले. जीव वाचवायला खालच्या स्वयंपाकघराकडे धावलेल्यांना तिथून बाहेरची वाट नव्हती. बहुतेकांचा जीव धुराने घेतला. रस्ता एवढा अरुंद की बंब लांबच थांबवावे लागले. हे बांधकाम पाडण्याची पंचायतीची नोटीस निघाली होती; तिला वरून स्थगिती मिळाली होती. आग विझायच्या आत मालक भावांनी थायलंड गाठायची तयारी केली आणि पुढे त्यांना तिथून आणावे लागले. त्यांच्या दोषाचा निवाडा न्यायालय करील. पण झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ इथून भांडी घासायला, तंदूर पेटवायला आलेल्या पोरांच्या घरी शवपेट्या गेल्या, त्याला आता कोणता निवाडा पुरणार? पाच पर्यटकही गेले. त्यांतले चार दिल्लीच्या एकाच कुटुंबातले.

मुंबईने हे सारे आठ वर्षांपूर्वी पाहिले आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या दोन पबना आग लागली आणि १४ जण गेले. त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. अग्निशमन दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या निखाऱ्याकडे बोट दाखवले. संकटकाळी बाहेर पडायची वाट सामानाने अडलेली होती, म्हणून अनेकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला आणि तिथेच ते गुदमरले. दुसऱ्या दिवसापासून महापालिकेचा हातोडा शहरभर शेकडो ठिकाणी पडला. एका दिवसात शेकडो बेकायदा बांधकामे सापडतात, याचा अर्थ ती आदल्या दिवशीही ठाऊक होती. त्याचा राग आजही शमलेला नाही आणि शमूही नये.

कायदा नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्यानुसार जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, तो वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. म्हणजे हा महिना त्याचाच. तो दाखला परवानाधारक एजन्सी देते आणि एजन्सीचे पैसे मालक भरतो. इथेच खरे दुखणे आहे. ज्याची तपासणी करायची त्याच्याच खिशातून तपासनिसाची फी निघत असेल, तर अडलेल्या जिन्याबद्दल कोण लिहील? अग्निशमन दलाने असा दाखला दिलेल्या काही जागा दर सहामाहीला आपणहून, न सांगता, गर्दीच्या शनिवारी रात्री तपासल्या पाहिजेत. मंगळवारी दुपारी रिकाम्या पबात सगळ्याच वाटा मोकळ्या असतात.

आणि तो दाखला फायलीत ठेवायची गरजच काय? गिऱ्हाइकाला दिसेल असा तो दारावर लावावा. जागेत किती माणसे मावतात आणि बाहेर पडायच्या वाटा किती, तेही त्यावर मोठ्या अक्षरांत असावे. वाढदिवसाला पोरे निघाली, की आई विचारू शकेल अशी ही माहिती आहे.

आतषबाजीबद्दल तर जगाने पुरेशी किंमत मोजली आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ क्लबात २००३ मध्ये १००, ब्राझीलच्या सांता मारियात २०१३ मध्ये २४२, बुखारेस्टमध्ये २०१५ साली ६४ माणसे अशाच क्लबांतल्या आतषबाजीने गेली. ठिणगी तीच, डोक्यावर पेट घेणारे आच्छादनही तसेच. ऱ्होड आयलंडने त्यानंतर जुन्या इमारतींना अग्निसुरक्षेच्या नियमांतून मिळणारी सूटच काढून घेतली. उत्तर गोव्याच्या प्रशासनाने हडफड्यानंतर काढलेला आतषबाजीबंदीचा आदेश दोन महिन्यांचा होता. बंदिस्त जागेत फटाका कधीच नको. त्याला मुदत कशाची?

पानिपतचे दुःख जपणाऱ्या हरियाणानेही आगीचे हे दुःख भोगले आहे. २३ डिसेंबर १९९५ ला डबवालीत शाळेच्या समारंभात सिंथेटिक कापडाचा मंडप पेटला आणि चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत कितीतरी मुले होती. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसे बाल्कनीत आगीच्या धुराने गुदमरली, कारण जादा खुर्च्यांनी वाट अडवली होती. नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांनी त्या दिवशी आपली दोन्ही मुले गमावली. त्यांनी इतर कुटुंबांना जोडून संघटना उभारली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढत राहिले आणि चित्रपटगृहासमोर स्मृती उपवन केले. ते नुसते उद्यान नाही. दर १३ जूनला तिथे जमणाऱ्या आईबापांसमोर व्यवस्थेला मान वर करता येत नाही.

गोवा सरकारने हडफड्याला असे स्मारक करावे आणि त्यावर पंचवीसही नावे कोरावीत, नेपाळच्या आणि झारखंडच्या पोरांची त्यांच्या गावासह. येत्या ६ डिसेंबरला मुख्यमंत्र्यांनी तिथे उभे राहून वर्षभरात किती क्लब तपासले, किती बंद केले आणि कोणत्या स्थगित्या उठवल्या, ते मृतांच्या नातेवाइकांना सांगावे. मुंबई महापालिकेच्या आयुक्तांनी हेच दर २९ डिसेंबरला लोअर परळमध्ये करावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि या जानेवारीतल्या ‘फॉर्म बीं’ची जागानिहाय यादी तर महापालिका याच महिन्यात संकेतस्थळावर टाकू शकते.