डेट्रॉइटला नावं ठेवण्याआधी

अमेरिकेतलं सगळ्यात वाईट शहर कोणतं, असा वाद निघाला की पहिलं बोट डेट्रॉइटकडे जातं. मला ते मुळीच पटत नाही. १९५० साली इथे साडेअठरा लाख लोक होते. मोटारीचे कारखाने हलले, गोरी वस्ती उपनगरांत गेली, आणि २०२० पर्यंत साडेसहा लाखही उरले नाहीत. २०१३ मध्ये तर महापालिकेचंच दिवाळं निघालं. देणेकऱ्यांचा डोळा कलासंग्रहालयावर होता. निवृत्तांनी पेन्शनमधली कपात सोसली, देणगीदारांनी हात सैल सोडला, आणि एकही चित्र विकावं लागलं नाही. तिथल्या दालनात दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं आहेत: चारही भिंतींवर यंत्रांशी झटणारे, कंबरेत वाकलेले कामगार. न्यूयॉर्कमधले दोन दिवस कमी करा, पण ती बघाच.