आरोग्य-विचार : ग्रंथींचा कारभार आणि ग्रंथींच्या गोळ्या

थोड्याशा श्रमानें थकवा येतो, सकाळीं उठवत नाहीं, अशा तक्रारींवर जनावरांच्या वाळविलेल्या ग्रंथींचें चूर्ण गोळ्यांच्या रूपानें विकलें जातें. दुबळ्या ग्रंथीस तशीच ग्रंथि खाऊं घातली म्हणजे ती सबळ होते, हा त्यामागील तर्क. तर्क सोपा आहे. परंतु शरीराचा कारभार इतका सोपा नाहीं, हें आम्हांस आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

गळ्यांतील थायरॉइड आणि मूत्रपिंडांवरील ॲड्रीनल या ग्रंथि आपल्या मर्जीनें वागत नाहींत. मेंदूच्या तळाशीं असलेला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्यूटरी ग्रंथीस आज्ञा देतो व पिट्यूटरी ती पुढें पोंचविते. कोठी भरलेली दिसली कीं घरांतील कर्तीं माणसें नवी खरेदी थांबवितात. त्याचप्रमाणें रक्तांत स्राव पुरेसा झाला कीं मेंदू आपली आज्ञा आवरती घेतो. ही आज्ञा वाहून नेणारें पहिलें द्रव्य १९६९ सालीं ओळखतां आलें. त्यासाठीं गीयमँ यांनीं मेंढ्यांच्या व शॅली यांनीं डुकरांच्या मेंदूंतील हा भाग लाखोंनीं गोळा केला होता. १९७७ सालीं दोघेही नोबेल पारितोषिकाचे वाटेकरी झाले.

ग्रंथीचा अर्क सर्वथा निरुपयोगी, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. १८९१ सालीं इंग्लंडांत डॉ. मरे यांनीं थायरॉइड निकामी झालेल्या एका स्त्रीस मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोंचला. त्या उपचारावर ती पुढें अठ्ठावीस वर्षें जगली. तेथें ग्रंथि खरोखरच बंद पडली होती. नुसत्या थकव्याची गोष्ट निराळी. ‘ॲड्रीनल थकली’ या कल्पनेस कांहीं आधार आहे काय, हें पाहण्यासाठीं ५८ अभ्यासांची छाननी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. आधार सांपडला नाहीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील तपासणींत अशा बारा प्रकारच्या गोळ्या पाहिल्या, तेव्हां सर्वांत थायरॉइडचा स्राव आणि बहुतेकांत एखादें तरी स्टेरॉइड आढळलें.

खरा धोका येथेंच आहे. गोळींत स्राव नसेल तर पैसा व्यर्थ. भरपूर असेल तर मेंदू आज्ञा आवरतो आणि घरची ग्रंथि सुस्तावते. स्टेरॉइड बरेच दिवस पोटांत गेल्यावर गोळी एकाएकीं सोडली, तर सुस्तावलेली ग्रंथि तत्काळ जागी होत नाहीं आणि प्रसंगीं जिवावर बेततें. म्हणून घरांत कोणी अशा गोळ्या घेत असल्यास वडीलधाऱ्यांनीं रागावून त्या परस्पर बंद करूं नयेत. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जावें. ज्यांस थकवा जाणवतो त्यांनीं आधीं रक्त तपासून पंडुरोग, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार आहे काय, याचा निर्णय करून घ्यावा. शिवाय ही चूर्णें बहुधा गाईच्या वा डुकराच्या ग्रंथींचीं असतात, हेंही शाकाहारी कुटुंबांनीं ध्यानांत ठेवावें.