दूरचे युद्ध आणि हातातली बातमी

2022 सालच्या फेब्रुवारी महिन्यातील ही गोष्ट आहे. 24 तारखेस रशियाचे सैन्य युक्रेन देशात शिरले आणि दोनच दिवसांनी एका जुन्या स्नेह्याने माझ्या मोबाइलवर एक चित्रफीत पाठविली. आकाशात एक लढाऊ विमान गिरकी घेई, पुढच्या विमानाचा वेध साधी आणि क्षणार्धात ते पुढचे विमान पेटून खाली कोसळे. सोबत मजकूर होता, तो असा की, युक्रेनच्या एका अज्ञात वैमानिकाने एकट्याने शत्रूची सहा विमाने पाडली असून लोक त्यास 'कीवचे भूत' म्हणू लागले आहेत. कीव ही युक्रेनची राजधानी. बलाढ्य शत्रूशी एकटा झुंजणारा वीर कोणास प्रिय होत नाही? माझे अंतःकरण भरून आले आणि मी ती चित्रफीत तत्काळ आमच्या चाळीस जणांच्या गटावर पाठवून दिली.

सायंकाळी माझा नातू शेजारी येऊन बसला. तो तेव्हा सातवीत होता. त्याने ती चित्रफीत पाहिली आणि हसू दाबीत तो म्हणाला, "आजोबा, हे खरं विमान नाही. हा संगणकावरचा खेळ आहे. माझ्या मित्राकडे आहे."

खरोखरच ते एका खेळातील दृश्य होते. पुढे 30 एप्रिल रोजी युक्रेनच्या वायुदलानेच जाहीर केले की, 'कीवचे भूत' हा कोणी एक वैमानिक नसून लोकांनी निर्माण केलेली ती दंतकथा आहे. ऐकीव गोष्टीस पुरावा म्हणत नाहीत, असे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल! गटावर मी माझी चूक कळविली. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. एकाने मात्र लिहिले, "खोटी का असेना, पाहून बरे वाटले." ह्या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि आज तुमच्यापुढे जे मांडावयाचे आहे ते त्यातूनच निघाले.

दूरच्या युद्धाच्या बातमीने लोकमत हलावे, हे काही आजचे नव्हे. 1854 साली क्रिमियाच्या भूमीवर इंग्रज, फ्रेंच व तुर्क एका बाजूस आणि रशिया दुसऱ्या बाजूस असे युद्ध चालू होते. लंडनच्या 'टाइम्स' पत्राचा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल ह्याने तेथून सैनिकांचे हाल लिहून धाडले. त्याची पत्रे लंडनला पोहोचण्यास बरेच दिवस लागत. पण ती छापून येताच लोक खवळले आणि 1855 च्या जानेवारीत तेथील मंत्रिमंडळास पायउतार व्हावे लागले. तथापि त्या काळी पत्र आणि वाचक ह्यांच्यामध्ये एक संपादक बसलेला असे. छापलेले खोटे ठरले तर जाब कोणास विचारावयाचा, हे सर्वांना ठाऊक असे. आज ती खुर्ची रिकामी आहे. किंवा असे म्हणू की, त्या खुर्चीवर आता तुम्ही आणि मी बसलो आहोत. कसलीही तयारी न करता बसलो आहोत, एवढेच.

त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. समाजमाध्यमांवर कोणती चित्रे प्रथम दाखवावयाची, हे पुष्कळ अंशी एक गणिती यंत्रणा ठरविते. मनुष्य कशावर अधिक वेळ थांबतो आणि काय पुढे पाठवितो, ह्याची ती नोंद ठेवते व तशाच गोष्टी पुन्हा पुढे आणते. संताप, आश्चर्य आणि करुणा ह्यांवर मन थांबते. सत्य पुष्कळदा रूक्ष असते. त्यावर ते थांबत नाही. यंत्रास खऱ्याखोट्याची पारख नाही आणि त्याने ती ठेवावी अशी कोणी सक्तीही केलेली नाही.

म्हणून ही साधने टाकाऊ आहेत, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की देश सोडून पळाले अशी आवई उठली होती. त्या रात्री त्यांनी कीवच्या रस्त्यावर सहकाऱ्यांसह उभे राहून, हातातल्या मोबाइलवर स्वतःचेच चित्रीकरण केले आणि आम्ही येथेच आहोत, असे जगास सांगितले. अर्ध्या मिनिटाच्या त्या चित्रफितीने जे साधले ते मोठ्या भाषणाने साधले नसते. आपल्या देशाचीही एक आठवण आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली शेकडो भारतीय मुले सुमी नावाच्या शहरात अडकली होती. वीज नाही, पाणी नाही, प्यावयास बर्फ वितळवावे लागे. 5 मार्च रोजी त्यांनी चित्रफीत प्रसिद्ध केली की, आता आम्ही पायीच सीमेकडे निघतो, आमच्या जिवाची जबाबदारी सरकारची. देशभर काळजी पसरली. सरकारने त्यांना थांबण्यास सांगितले आणि 8 मार्च रोजी त्या 694 विद्यार्थ्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. ती हाक खरी होती आणि म्हणून ती ऐकली गेली.

त्याच आठवड्यात आपल्याकडे दुसरीही एक वार्ता फिरत होती. भारतीयांना खार्कीव शहरातून निघता यावे म्हणून रशियाने सहा तास युद्ध थांबविले, अशी ती वार्ता. ऐकून छाती फुगावी अशीच! परंतु परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी 3 मार्च रोजी ती साफ नाकारली. तरी ती पुढे कित्येक दिवस मोबाइलांतून फिरतच राहिली. नकार मात्र फारसा फिरला नाही. कारण तेच, 'पाहून बरे वाटले.'

खुद्द रशियात तर वेगळाच प्रकार घडला. 4 मार्च रोजी तेथे कायदा झाला की, सैन्याविषयी सरकार ज्यास खोटे म्हणेल अशी माहिती पसरविणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकेल. त्याच दिवशी तेथे फेसबुक बंद करण्यात आले. कित्येक घरांतून असे घडले की, युक्रेनमधील मुलगा दूरध्वनीवर सांगतो, "बाबा, आमच्यावर बॉम्ब पडताहेत," आणि रशियातील बाप म्हणतो, "नाही रे, तसे नाही." पोटच्या मुलाच्या शब्दापेक्षा दूरदर्शनच्या पडद्यावरील शब्द बापास खरा वाटावा, ह्यापरते दुर्दैव ते कोणते?

आता त्या 'बरे वाटले' ह्या वाक्याकडे वळतो. आपल्या आवडत्या पक्षाची खोटी स्तुती केली तर त्यात नुकसान कोणाचे, असे माझ्या मित्राचे म्हणणे. माझे मत नेमके उलट आहे. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याच्या बाजूने बोललेले खोटे त्यालाच सर्वांत महाग पडते. कारण पुढे त्याचा खरा आक्रोशही लोक तराजूत घालू लागतात. हे मला पुस्तकांतून कळले नाही, घरीच कळले.

9 मार्च 2022 रोजी मारियुपोल शहरात एका प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. असोशिएटेड प्रेसचे पत्रकार मस्तिस्लाव चेर्नोव्ह आणि येवगेनी मालोलेत्का त्या वेळी तेथेच होते. ढिगाऱ्यातून एका गर्भवती स्त्रीस स्ट्रेचरवरून नेत असल्याचे छायाचित्र मालोलेत्का ह्यांनी काढले व ते जगभर पोहोचले. लंडनमधील रशियन वकिलातीने लगेच ट्विटरवर लिहिले की, तेथील चित्रांतील दुसरी एक गर्भवती स्त्री ही सोंग करणारी आहे, हे सर्व नाटक आहे. ट्विटरने तो मजकूर काढून टाकला. पण संशयाचे बीज तोवर सर्वत्र पेरले गेले होते.

ते स्ट्रेचरचे छायाचित्र माझ्या नातवाने पाहिले आणि तो सहज म्हणाला, "आजोबा, हेही खोटंच असणार. त्या विमानासारखं."

मी गप्प बसलो. त्याचा दोष काय होता? महिन्यापूर्वीच त्याच्या आजोबांनी एक खोटे चित्र डोळे मिटून चाळीस घरी पोहोचविले होते. मग आम्ही दोघे सावकाश शोधावयास बसलो. हे छायाचित्र कोणी काढले? त्याचे नाव खाली आहे काय? तो त्या दिवशी त्या शहरात होता काय? त्याच ठिकाणची, निराळ्या बाजूने घेतलेली दुसरी चित्रे आहेत काय? त्या लोकांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले आहे काय? विमानाच्या चित्रफितीस ह्यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. येथे प्रत्येकाचे होते. जिला सोंग म्हटले होते तिला दुसऱ्याच दिवशी मुलगी झाली, हेही वाचावयास मिळाले. आम्हांस जवळजवळ एक तास लागला.

शेवटी आम्ही 14 मार्चची बातमी उघडली. स्ट्रेचरवरील ती माता आणि तिचे बाळ, दोघेही वाचू शकले नव्हते. नातवाने ती दोनदा वाचली. मग माझा मोबाइल उपडा करून त्याने टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.