वाघापलीकडचं जंगलही स्पष्ट दिसू द्या

1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबाची ओळख वाघाच्या फोटोंनी घडवली. पण चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल समजून घ्यायचं तर ऐनाच्या पानावरची टसरची अळी, आरमोरीकडच्या कोसा-उद्योगाचा आधार, तीही तितकीच स्पष्ट दिसायला हवी. अडचण भिंगाची आहे. अळीच्या डोक्याचा अगदी जवळून फोटो घेतला, की जेमतेम मिलिमीटरभर खोलीच फोकसमध्ये राहते. जबडा स्पष्ट, तर मागचे केस धूसर. ही खोली वाढवायला भिंगाचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, फार लहान केलं, तर सगळाच फोटो किंचित धूसर होतो. म्हणून फोकस किंचित सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि फोटोशॉप किंवा हेलिकॉन फोकससारख्या सॉफ्टवेअरने प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडायचा, हे फोकस स्टॅकिंग मला योग्यच वाटतं.

ही बनवाबनवी आहे, हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. अळी हलली तर जोडलेल्या फोटोत एकच पाय दोनदा उमटतो, केसांभोवती धुरकट कडा येते. ते पुसताना कुणी मनानेच केस रंगवला, तर अभ्यासक फसेल. पण दोष त्या रंगवण्यात आहे, जोडणीत नाही. जोडलेलं सगळं भिंगासमोर होतंच. म्हणून फोटोखाली ‘स्टॅक केलेला’ ही नोंद आणि मूळ फोटो जपणं छायाचित्र-स्पर्धांनी सक्तीचं करावं. किडा स्थिर राहावा म्हणून त्याला गारठवणं मात्र साफ नाकारावं. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्मांबाबत तर हलण्याचा प्रश्नच नाही. तिथल्या दगडातल्या खाचा काठापासून तळापर्यंत एकाच फोटोत आल्या, तर दूरच्या अभ्यासकालाही त्या तपासता येतील.