चाळिशीनंतरची पहिली दुर्बीण

‘दुधाळ्याची दुर्बीण सुरू झाली की आम्हाला तिच्यातून काय दिसेल?’ हिंगोली, वसमत, सेनगावकडून हा प्रश्न अधूनमधून येतोच. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया उभी राहतेय आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी मंजूर केले, एवढं जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक आहे. उत्तर देताना आपणच चाचरतो, कारण त्या यंत्राला डोळा लावायची जागाच नाही. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून लेसर किरण जाऊन परतणार, आणि गुरुत्वीय लहरीमुळे भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी फरक पडला तरी तो टिपला जाणार. आभाळ भरलेलं असो की भर दुपार असो, त्याचं काही अडत नाही.

प्रश्न विचारणाऱ्याचं मात्र अडतं. तो बहुधा शाळकरी मुलगा नसतो. पंचेचाळीस-पन्नाशीतला शिक्षक असतो, तलाठी असतो, कृषी सेवा केंद्राचा मालक असतो, नाहीतर नोकरीची शेवटची वर्षं मोजणाऱ्या एखाद्या बाई असतात. मुलं शिकायला पुण्या-संभाजीनगरला गेलेली, घराचे हप्ते फिटत आलेले. लायगोच्या बातम्या वाचून जुनी हौस उसळी घेते आणि दुर्बीण घरपोच येते. खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं. आत ६० मिलिमीटरचं भिंग आणि काडीपैलवान तिपाई. हात लागला की गुरू दृष्टिक्षेत्राबाहेर! मिलिमीटरमागे दोन पट हा ढोबळ नियम आपल्याला पाठ आहे. म्हणजे या भिंगाला १२० पटींच्या पुढे नेलं की प्रतिमा नुसती मोठी आणि मळकट होते. त्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं. पावसाळ्याआधी दुर्बीण माळ्यावर जाते.

आपली मंडळं काय करतात? शाळांचे कार्यक्रम. ते करावेतच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून हे काम निष्ठेने करत आलं आहे. पण चाळिशीनंतर एकट्याने सुरुवात करणाऱ्याला आपण त्या शंभर मुलांच्या रांगेत उभं करतो, अर्धा मिनिट शनी दाखवतो आणि ‘पुढच्या वेळी नक्की या’ म्हणतो. आता त्याची स्वतःची दुर्बीण आहे. त्याला रांग कशाला हवी?

आधी त्याची भीती घालवा. चष्मा लागला म्हणून हौस संपत नाही. जवळचा किंवा लांबचा नंबर दुर्बिणीचं फोकसचं चाकच सांभाळून घेतं, फक्त सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा लावूनच बघावं लागतं. खरी अडचण नकाशा वाचताना येते. अंधारात मंद लाल दिवा, नाकावर वाचायचा चष्मा, आणि डोळा नेत्रिकेला लावायच्या वेळी तो कपाळावर. ही कसरत आपल्यातले ज्येष्ठ रोज करतात, तीच शिकवायची आहे. दुसरं म्हणजे बाहुली. विशीत अंधारात ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीत साधारण पाच. म्हणून त्याला ७×५० ऐवजी १०×५० ची द्विनेत्री सुचवा. दुर्बीण अजून घ्यायचीच असेल तर सहा इंची डॉब्सोनियन पुरे. हा लाकडी मांडणीचा साधा प्रकार जॉन डॉब्सन यांच्यामुळे जगभर पसरला. ते २३ वर्षं वेदान्त मठात साधू होते आणि दुर्बिणींच्या नादापायी पन्नाशी ओलांडल्यावर मठाबाहेर पडले. (पन्नाशीत हौस करणाऱ्याला घरचे बोलू लागले, तर हा दाखला द्यावा.)

पण नुसतं दाखवून भागत नाही, त्याला काम दिलं पाहिजे. जेसोरच्या सरकारी तिजोरीत नोकरी करणारे राधागोविंद चंद्र मॅट्रिकला नापास झालेले होते. १९१२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी त्यांनी तीन इंची दुर्बीण घेतली. पुढे अमेरिकेतल्या रूपविकारी तारे पाहणाऱ्या निरीक्षकांच्या संघटनेला त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. त्या संघटनेनेच त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. फाळणीनंतर ते बंगालच्या अलीकडच्या भागात आले, आणि ती दुर्बीण अखेर कावलूरच्या वेधशाळेत पोचली. रोज तिजोरीचा हिशेब लावणाऱ्या माणसाला ताऱ्याच्या तेजाचा हिशेब ठेवणं जड गेलं नसावं. तलाठी, शिक्षक, बँकेतली माणसं, सगळी याच घडणीची. त्यांना रूपविकारी मीरा द्या. साधारण ३३२ दिवसांचं तिचं चक्र. भर तेजात असते तेव्हा नुसत्या डोळ्यांनी दिसते, मंदावली की लहान दुर्बीण लागते. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून प्रत लिहायची, एवढंच.

आणि हिंगोलीचं आकाश! १९.७ अंश उत्तर अक्षांशामुळे ध्रुव जेमतेम वीस अंशांवर, पण दक्षिण केवढी उघडी. मेअखेरीस रात्री नऊच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला सुमारे २३ अंश वर असतो. लंडनमधून तो कधी उगवतच नाही, म्हणून तिकडच्या पुस्तकांत नवशिक्यांच्या यादीत तो नसतो आणि आपणही त्याच याद्या वाटत बसतो. सहा इंचीतून ४८ पटीला त्याच्या कडेचे तारे सुटे होऊ लागतात. हळद शिजवून, वाळवून झालेली असते, पाऊस अजून यायचा असतो. वसमतच्या शिवारात याहून सोयीचा महिना सापडणार नाही. रब्बीत रात्रीच्या लाइटीची वाट बघत बांधावर बसणारा शेतकरी आपल्या कितीतरी सभासदांपेक्षा जास्त वेळ आकाशाखाली असतो. त्यालाही वही द्या. गोठ्यावरचा एलईडी खाली वळवायला तोच तयार होईल, आपलं पत्रक वाचून कोणी दिवा वळवलेला नाही.

पुढच्या अंकापासून पहिल्या दुर्बिणीवरच्या नोंदींसाठी दोन पानं राखली आहेत. मंडळांनी आपल्या जिल्ह्यातल्या अशा एकेका माणसाची जबाबदारी एका अनुभवी सभासदाकडे द्यावी आणि किमान एक हिवाळा त्याने मागे लागावं. नोंद पोस्टकार्डावर आली तरी चालेल. तारीख, गाव, दुर्बिणीचा व्यास आणि तुलनेला घेतलेले तारे मात्र हवेत, आणि वेळ भारतीय प्रमाणवेळ आहे की जागतिक, तेही लिहावं.