आराखडा कोणत्या भाषेचा?

विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहावयास बसलो की पहिल्याच रकान्यात आमची लेखणी अडते. ‘वाचन कच्चे’ हे लिहिणे सोपे. पण कोणत्या भाषेतील वाचन? जामबागेतील मूल घरी एक भाषा बोलते, रस्त्यावर दखनी ऐकते, पाट्या तेलुगूत पाहते आणि वर्गात ग्रांथिक मराठीला सामोरे जाते. आम्ही स्वतः कोंकणीभाषी. बालपणी त्या मराठीपुढे आम्हीही मुके होत असू. ते मौन अपरिचयाचे होते, अक्षमतेचे नव्हे.

ही गल्लत उलटही होते, आणि ती अधिक घातक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमताही आहे. तरी ‘भाषेची सवय नाही, होईल हळूहळू’ म्हणून खरी अडचण वर्षानुवर्षे झाकली जाते.

‘वाचन सुधारावे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘दिवाळीपर्यंत जोडाक्षरांवाचूनची पाच वाक्ये मोठ्याने वाचील’ असे लिहावे, म्हणजे दिवाळीला पडताळता येते. तत्पूर्वी आईला विचारावे : घरच्या बोलीत गोष्ट नीट सांगणारे मूल त्याच बोलीतील साधे शब्द वाचताना अडते काय? आमच्या छापील नमुन्यात या प्रश्नाला जागा नाही. आम्ही तो समासात लिहितो.