माळ मेंढरांनी खाल्ला नाही!

दरवर्षी तीच ओरड: मेंढरांनी माळ उजाड केला! बारामती, दौंड, पुरंदरच्या माळांबद्दल आज स्पष्टच बोलतो.

चराईने नुकसान होतं, हे खरं आहे. एकाच जागी कळप रोज फिरला तर मारवेल, पवन्या यांसारखी चांगली गवतं बी धरण्याआधीच संपतात आणि मागं कुसळं उरतात. खुरांनी माती दडपते. पाणी मुरत नाही, वाहून जातं.

पण कळप पुढं सरकत राहिला तर? गवताला पुन्हा फुटायला वेळ मिळतो, लेंड्यांचं खत मातीत जातं. म्हणून तर शेतकरी धान्य-पैसे देऊन रानात मेंढरं बसवतात ना!

मग कळप एकाच जागी का अडकतो? कारण माळाची नोंद 'पडीक', आणि पडीक म्हणजे जणू फुकट! कुठे प्लॉटिंग, कुठे एमआयडीसी, कुठे चर खोदून गिरिपुष्प. उरलेल्या तुकड्यावर सगळा भार. आणि आरोपी कोण? धनगर!

माळावर झाडं लावून पर्यावरण वाचत नाही. चिंकारा, लांडगा यांना हाच उघडा माळ लागतो.

मागणी साधी आहे. ग्रामसभेने गायरानाचे चार भाग करावेत. दरवर्षी पाळीने एक भाग पावसाळ्यापासून बी झडेपर्यंत बंद, बाकीचे खुले. आणि हे मेंढपाळांना सोबत बसवून ठरवा.

पटलं तर पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा. नुसता लाईक नको.